फळा भरला, बेट रिकामं

आमचा दादा भित्रा. हे मी सांगायला नको, गावात कुणालाही विचारा. लहानपणी आई अंगणात कपडे वाळत घालायची, तर हा वाऱ्यानं हलणाऱ्या सदऱ्याला घाबरून घरात पळायचा. मी त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. शेजारच्या कुत्र्यावर दगड मी भिरकावायचे आणि हा माझ्या मागे उभा राहून "चिमणे, नको गं, चिमणे, पुरे गं" करायचा. वडिलांनी एकदा पोहायला शिकवायचं म्हणून त्याला नदीत कमरेएवढ्या पाण्यात नेलं. त्यानं वडिलांच्या मानेला अशी मिठी मारली की शेवटी वडीलच घाबरले, गुदमरून मरतो की काय म्हणून. त्यानंतर दादा नदीत घोट्याच्या वर कधी उतरला नाही. आणि नशिबाची थट्टा बघा, नोकरी लागली ती नदीवरच.

नदीकाठी पक्ष्यांसाठी राखलेली जागा आहे आमच्याकडे. एवढीशी, तासाभरात फिरून संपेल. पाटीवर 'अभयारण्य' लिहिलंय आणि राखणदार कोण, तर दादा. मी या विनोदावर वीस वर्षं हसले. घरात पाहुणे आले की मुद्दाम सांगायचे.

भीतीवर दादाचं एकच औषध होतं, मोजणं. घाबरला की तो मोजायचा. जिन्याच्या पायऱ्या, छताचे वासे, समोरच्याच्या सदऱ्याची बटणं. शाळेत मास्तरांनी छडी उगारली तरी हा छडीची पेरं मोजायचा. लोक त्याला मोजणीदादा म्हणायचे आणि तोही 'ओ' द्यायचा. चौकीपासून नदीच्या बांधापर्यंत सातशे दहा पावलं, हे त्याला झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. मी म्हणायचे, "दादा, तुझं लग्न ठरलं तेव्हा वहिनीचे दात मोजले होतेस का रे?" तर गंभीरपणे म्हणाला, "ती हसलीच नाही तेव्हा."

आता त्याचं काम सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नदी तिथे दोन फाट्यांत फुटते आणि मध्ये वाळूचं एक लांबट बेट आहे. बेटाच्या टोकाला झाडं, झाडांवर करकोच्यांची आणि पाणकावळ्यांची घरटी, वाळूवर टिटव्या. अलीकडचा फाटा उथळ. त्यातून बेटावर जायला दगड मांडलेत, एकतीस. पण वर, वळणापलीकडे, धरण आहे. आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी तिथून पाणी सोडतात. पाणी सुटलं की दगड बुडतात, वाळू बुडते, बेटावर माणसाच्या कमरेइतकी धार वाहते. झाडं तेवढी उरतात, आणि झाडांवर पक्षी.

म्हणून चौकीत एक लाकडी फळा होता. त्यावर चाळीस खिळे, खिळ्यांना पत्र्याचे चाळीस गोल बिल्ले, आकडे ठोकलेले. आत जाणाऱ्याला एक बिल्ला हातात द्यायचा. बाहेर येताना त्यानं तो परत द्यायचा, दादानं खिळ्याला अडकवायचा. संध्याकाळी पाचला फळा पूर्ण भरलेला दिसला, की समजायचं बेट रिकामं. मग दादा धरणावर फोन करायचा, "रिकामं आहे," एवढंच म्हणायचा आणि वहीत 'आत राहिलेले' या रकान्यात शून्य लिहायचा. एकही खिळा मोकळा असेल तर फोन नाही. एकदा खात्याचे मोठे साहेब बिल्ला खिशात घालून परस्पर गाडीत बसून गेले, तर या भित्र्या माणसानं धरणाचं पाणी दीड तास अडवून ठेवलं. साहेबांच्या घरी शिपाई पाठवून बिल्ला आणवला, तेव्हा कुठे फोन केला. साहेब तणतणले. दादा त्यांच्या कोटाची बटणं मोजत उभा राहिला.

फोन झाला की धरणावरून भोंगे व्हायचे, तीन. दादा जेवताना, चहा पिताना, येता-जाता सांगायचा. "पहिला भोंगा, म्हणजे उठा. दुसरा, म्हणजे पळा."

"आणि तिसरा?" मी विचारायचे.

"तिसऱ्याला आत कुणी नसतंच."

सव्वीस वर्षं त्यानं हे सांगितलं आणि सव्वीस वर्षं मी या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं. तिथे पाऊलही टाकलं नव्हतं मी. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ना, तसं. लोक लांबून गाड्या करून पक्षी बघायला यायचे आणि मी दोन मैलांवर राहून माझ्या शिवणाच्या मशीनवर वाकलेली असायचे.

गेले ती सासूबाईंमुळे. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि बाईंना जग नव्यानं दिसायला लागलं. आधी माझ्या दुकानातली जळमटं दिसली, मग माझे पांढरे केस दिसले, आणि मग त्या म्हणाल्या, "सूनबाई, मला ते पक्षी बघायचेत. मरायच्या आधी एकदा." या बाईंचं सगळंच मरायच्या आधी एकदा असायचं. वजन भरपूर, दोन्ही गुडघे गेलेले, एका कानानं ऐकू येत नाही, पण हट्ट लहान पोराचा. मी शाळेचे गणवेश शिवत होते, तीन रात्री धड झोप नव्हती. तरी म्हटलं, चला, एकदाची कटकट मिटेल.

दुपारी अडीचला आम्ही चौकीवर पोचलो. दाराशी दहाबारा माणसं उभी होती, गळ्यात कॅमेरे. दादानं मला बघितलं आणि त्याचा चेहरा फुलला. त्यानं लगबगीनं फळ्यावरून दोन बिल्ले काढले, सतरा आणि अठरा, आणि माझ्यापुढे धरले.

आणि मी काय केलं? चारचौघांत कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "वा रे वा! सख्ख्या बहिणीला बिल्ला? मी काय बाजारातलं जनावर आहे का, गळ्यात आकडा अडकवायला?"

माणसं हसली. मला अजून चेव आला. "भित्री भागूबाई," मी त्या माणसांना म्हणाले, "हा लहानपणी वाळत घातलेल्या सदऱ्याला घाबरायचा, माहितीये?"

परत हशा. दादाचे कान लाल झाले. तोही हसला, ओशाळून. आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं काढलेले बिल्ले परत खिळ्याला अडकवले. "जा, जा," म्हणाला, "घरचीच माणसं. पण साडेचारच्या आत ये हं चिमणे."

"हो रे बाबा," मी म्हणाले. चहाचा थर्मास आणि डबा ओझं नको म्हणून त्याच्या टेबलावर ठेवला. "येताना पिऊ सगळे मिळून." आणि सासूबाईंचा हात धरून निघाले.

तो क्षण मी किती वेळा उसवून परत शिवलाय मनात, त्याची गणती दादाही करू शकणार नाही.

बांधापर्यंतच आम्हाला अर्धा तास लागला. दगडांवरून सासूबाईंना नेताना माझ्या नाकी नऊ आले. एक दगड डगमगता होता, त्यावर त्या किंचाळल्या आणि पाणी तेव्हा जेमतेम वीतभर होतं. मग मऊ वाळू. चार पावलं टाकायची, थांबायचं, "आई गं" म्हणायचं, परत चार पावलं. बेटाच्या दुसऱ्या टोकाला लपण होतं, म्हणजे फळ्यांची बुटकी खोली, भिंतींना आडव्या फटी, आत एक बाक. तिथून झाडं समोर दिसायची.

खोटं कशाला बोलू, छान होतं. करकोचे काटक्या आणून घरटी नीट करत होते, भांडत होते. सासूबाईंनी फटीला डोळा लावला तो काढलाच नाही. "अगं बघ, तो मान वाकडी करून बसलाय, अगदी तुझे सासरे रुसल्यावर बसायचे तसा." मी बघितलं, हसले, बाकावर बसले, भिंतीला डोकं टेकवलं. तीन रात्रींची झोप होती. कधी डोळा लागला कळलं नाही.

जागी झाले ती भोंग्यानं. लांबून, बारीक. मला वाटलं, कुठल्या तरी कारखान्याची पाळी सुटली. सासूबाईंचा चांगला कान भिंतीकडे नव्हताच, त्यांनी ऐकलंच नाही. "जागी झालीस?" म्हणाल्या, "इकडे ये, पिल्लू दिसतंय." मी आळस दिला. पिल्लू बघितलं. मग लक्षात आलं की लपणात आमच्याशिवाय कुणीच नाही. कॅमेरेवाले कधीच गेले होते. बाहेर ऊन पार उतरलं होतं.

"किती वाजले हो आई?"

"मला काय माहीत. तू घोरत होतीस छान."

मी बाहेर आले. वाळूवर एकही माणूस नाही, नुसत्या पावलांच्या खुणा, सगळ्या परत जाणाऱ्या. आणि तेवढ्यात वाळूवरच्या टिटव्या एकदम उठल्या. एक नाही, दोन नाही, सगळ्या. कर्कश ओरडत माझ्या डोक्यावरून झाडांकडे गेल्या. वाळू रिकामी झाली. आणि दुसरा भोंगा झाला.

या वेळी तो लांबचा वाटला नाही. दादाचा आवाज कानात वाजला, अगदी जेवताना घास तोंडात असताना तो बोलायचा तसा. दुसरा, म्हणजे पळा.

दादा आम्हाला विसरेल कसा, तुम्ही म्हणाल. मीही म्हणाले, त्या वाळूत उभी राहून, मोठ्यानं. नंतर कळलं. त्यानं पाचला मान वर करून फळा बघितला होता. चाळीस खिळे, चाळीस बिल्ले. सव्वीस वर्षं त्याची आठवण डोक्यात नसायचीच, त्या फळ्यावर असायची. फळा भरला, बेट रिकामं. त्यानं फोन केला, शून्य लिहिलं, टेबल आवरायला घेतलं आणि त्याच्या हाताला माझा थर्मास लागला. अजून गरम होता. तेव्हा पहिला भोंगा वाजून दोन मिनिटं झाली होती. त्यानं धरणावर परत फोन लावला. घंटा नुसती वाजत राहिली. कारण फोन खालच्या खोलीत आणि दारं फिरवणारा माणूस भिंतीवर चढलेला. तेव्हा खिशात फोन नव्हते कुणाच्या. तो खाली बसला. फळ्यावरचे बिल्ले मोजले, सगळे, एक ते चाळीस, परत एकदा. मग उठला.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी आत धावले आणि सासूबाईंना दंडाला धरून ओढलं. "आई, चला. पाणी येतंय."

"कसलं पाणी?"

"चला म्हणते ना!"

त्या आल्या, पण येऊन येऊन किती येणार? वाळूत त्यांचा पाय टाचेपर्यंत रुतायचा. मी मापं घेणारी बाई, अंदाज माझा सहसा चुकत नाही. समोर दगडांपर्यंत साडेतीनशे पावलं असतील. येताना आम्हाला वीस मिनिटांच्या वर लागली होती. दुसऱ्या भोंग्याला धरणाचं एक दार उघडतात, पंधरा मिनिटांनी तिसऱ्याला सगळी, हे दादानं शंभरदा सांगितलेलं तेव्हा मला बरोबर आठवलं. उजवीकडच्या मोठ्या फाट्यातून आवाज येत होता, कुणी जाड कापड न थांबता फाडत असावं तसा.

निम्म्यावर सासूबाईंची चप्पल तुटली आणि त्या खाली बसल्या. बसल्या त्या उठेनात. मी काखेत हात घालून उचलायला गेले तर माझीच पाठ कडाड वाजली. वाळूवर एका कडेनं पाण्याची जीभ आली, पातळ, फेसाची, आणि त्यांच्या लुगड्याच्या काठाला लागली.

"तू जा," सासूबाई म्हणाल्या. ओरडून नाही. दुकानात जा, भाजी घेऊन ये, असं म्हणावं तसं. "कुणाला तरी घेऊन ये जा."

आणि मी गेले.

कुणाला तरी आणायला गेले, असं मी त्या वेळी मनाशी म्हणत होते. खोटं. मी पळाले. जीव घेऊन पळाले. मला सासूबाई नको होत्या, दादा नको होता, नवरा-मुलं कुणी आठवलं नाही, फक्त तो पलीकडचा बांध हवा होता आणि त्यावर माझे दोन पाय. मागे बघायचं नाही, एवढंच कळत होतं. भीतीचं असं असतं हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. मी दुसऱ्यांच्या भीतीला हसणारी बाई.

मग का थांबले, देव जाणे. थांबले आणि वळून बघितलं. सासूबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. मान खाली घालून तुटलेल्या चपलेचा पट्टा अंगठ्यात बसवायचा प्रयत्न करत होत्या. दोनदा निसटला, त्यांनी तिसऱ्यांदा बसवला. पाणी त्यांच्या मांडीशी आलं होतं.

मी परत गेले. शिव्या देत गेले, त्यांना, मला, पक्ष्यांना. "उठा! चप्पल गेली खड्ड्यात! उठा म्हणते ना!" कुठून बळ आलं माहीत नाही, त्यांना उभं केलं, त्यांचा हात माझ्या मानेभोवती घेतला आणि आम्ही दोघी त्या पाण्यातून फरफटत निघालो. पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी तळव्यांना कळलं. पाणी माझ्या घोट्याला, मग पोटरीला. सासूबाई दर श्वासाला "अगं आई, अगं आई" म्हणत होत्या आणि मी "चला, चला" करत होते.

दगडांपाशी पोचलो तर दगडच नव्हते. गढूळ पाणी नुसतं एकसारखं धावत होतं. पलीकडे बांधाच्या खांबाशी दादा उभा होता.

खांबाला त्यानं दोर बांधला होता, दुसरं टोक हातात. गळ्यात पक्षी बघायची जुनी दुर्बीण. इतक्या लांबूनही त्याच्या विजारीचं कापड थरथरताना मला दिसलं. तो पाण्याकडे बघत होता, तसाच, जसा लहानपणी वडिलांच्या मानेला लटकून बघत होता.

"दादा!" मी ओरडले. "दादा रे, ये ना रे!"

त्यानं डोळे मिटले. शपथेवर सांगते, मिटले. आणि पाऊल टाकलं.

"एक," तो म्हणाला. मोठ्यानं. "दोन. तीन."

मला आधी कळेना हा काय करतोय. मग कळलं. दगड पाण्याखाली होते, पण जागेवर होते. सव्वीस वर्षं रोज दोनदा तो त्यांच्यावरून मोजत गेला होता. दहावर तो थांबला, अकरावा हलतो म्हणून त्याच्या डाव्या कडेवर पाय ठेवला. एकोणीसनंतर लांब ढांग टाकली, कारण तिथे अंतर जास्त आहे. पाणी त्याच्या नडगीला फुटत होतं, आवाज चिरकत होता, पण आकडा चुकत नव्हता. "एकोणतीस. तीस. एकतीस." माझ्या समोर येऊन त्यानं डोळे उघडले. चेहरा पांढराफटक. दात वाजत होते. मला वाटलं, मला कानाखाली वाजवेल. वाजवायला हवी होती.

"बिल्ला द्यायला हवा होता गं तुला," एवढंच म्हणाला.

दोराचं टोक त्यानं बेटाच्या काठावरच्या एका पाटीच्या खांबाला आवळून बांधलं. पाटीवर लिहिलं होतं, 'शांतता राखा'. दादा पुढे, मध्ये सासूबाई, मागे मी. एक हात दोराला. "माझा पाय निघाला की तिथे तुमचा पाय," तो सासूबाईंच्या चांगल्या कानात ओरडला. "खाली बघायचं नाही. माझ्या मानेकडे बघा."

आता आकडे उलटे. हलणारा दगड या बाजूनं एकविसावा, लांब ढांग बारानंतर. दादा ते सांगत सांगत चालला. "अकरा. बारा. आता लांब, आई, लांब टाका, टाकलात? शाबास." सासूबाईंना आयुष्यात कुणी शाबास म्हटलं नव्हतं, त्या रडायला लागल्या. पाणी गुडघ्याला आलं. पंधराव्या दगडावर होतो आणि तिसरा भोंगा झाला.

तिसऱ्याला आत कुणी नसतंच.

दादाची मान ताठ झाली, मी बघितलं. क्षणभर आकडा थांबला. मला वाटलं, आता हा मोजायचं विसरणार आणि आपण तिघं इथेच जाणार. मागून वळणाकडून आवाज येत होता आणि मी तिकडे बघितलं नाही.

"सोळा," मी ओरडले. "दादा, सोळा!"

"सोळा," तो म्हणाला आणि निघाला.

एकविसाव्यावर माझा पाय सटकला. सांगितलं होतं त्यानं, उजवी कड आता, मी तरी मध्ये ठेवला. कमरेपर्यंत गेले, दोर पंजात करकचला, तळहाताची साल निघाली. सासूबाईंनी मागे हात टाकून माझी वेणी धरली आणि ओढलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, त्यांनी माझ्या केसांना हात लावायची ती पहिलीच वेळ. शेवटचे चार दगड मी मोजले नाहीत, नुसती चढले. बांधावर आम्ही तिघं पालथे पडलो आणि मागे काय आलं ते ऐकत राहिलो. शांतता राखायची पाटी गेली. दोरही गेला.

सगळ्यांत आधी सासूबाई बोलल्या. "माझी एक चप्पल राहिली गं तिकडे."

चौकीत आलो तर दादानं ओल्या कपड्यांनीच वही उघडली. 'आत राहिलेले' या रकान्यात शून्य होतं. त्यानं ते खोडलं आणि शेजारी लिहिलं, 'दोन'. मी त्याचा हात धरला. "दादा, असं काय करतोस? कुणाला कळणार आहे? आम्ही जिवंत आहोत ना! तुझी नोकरी..."

"शून्य ठेवलं तर तुम्ही तिथे नव्हताच असं होईल, चिमणे," तो म्हणाला. "मग मी गेलो होतो कुणाला आणायला?" आणि खाली सही केली.

चौकशी झाली. मी जाऊन सांगितलं की चूक माझी, बिल्ला मी घेतला नाही. साहेबांनी विचारलं, दिला कुणी नाही? दादा म्हणाला, मी. चौकीवरून काढून त्याला खात्याच्या कोठारात टाकलं, झाडू, बादल्या, फावडी देण्याघेण्याच्या कामावर. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. नदी दिसायची नाही तिथून, एक उंच खिडकी होती फक्त.

सासूबाईंनी त्या दिवसाबद्दल मला कधी काही विचारलं नाही. मीही बोलले नाही. पण मशीनवर बसले की पाय चालायचे आणि मला वाटायचं, मी पळतेय. महिना दीड महिना गेला. एका दुपारी मला राहवेना. थर्मासमध्ये चहा घेतला आणि कोठारात गेले. दादा झाडू बांधत होता, दहा दहाचे गठ्ठे.

"दादा," मी म्हणाले, "तुला एक सांगायचंय. त्या दिवशी मी आईंना तिथे सोडून पळाले होते. मदत आणायला वगैरे नाही. पळाले होते."

त्यानं मान वर केली नाही. "माहितीये."

"कसं?"

"बांधावर धावत येत होतो तेव्हा दुर्बिणीतून बघितलं, कुठे आहात ते. तेव्हाच तू निघालीस." त्यानं गठ्ठ्याची गाठ मारली. "सव्वीस पावलं गेलीस."

माझ्या डोळ्यांना धार लागली. "मोजलीस? मेल्या, तेव्हाही मोजलीस? आणि महिनाभर गप्प बसलास?"

"घाबरलो होतो ना," दादा म्हणाला. "मोजत होतोच. तू थांबलीस तेव्हा मी पण थांबलो." मग त्यानं झाडू खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "परत तेवढीच वाळू, चिमणे. जाताना सव्वीस लागली तुला. आईंकडे परत येताना चौदाच."

मी थर्मासचं झाकण उघडून चहा ओतायला घेतला आणि तो सगळा टेबलावर सांडला.